चौदा दिवसांची मर्यादा : मेरी वॉर्नॉक यांचे कार्य

वंध्यत्वाच्या चिकित्सेसाठी आपल्याकडे येणारी अनेक दांपत्ये आज आयव्हीएफची एक-दोन आवर्तने करून आलेली असतात, हे वैद्यबंधु-भगिनींना वेगळे सांगावयास नको. नाडीपरीक्षा झाली, फलघृत, उत्तरबस्ती यांविषयी बोलणे झाले, की एखादे दांपत्य अडखळत विचारते : त्या केंद्रात आमचे भ्रूण अजून गोठवून ठेवलेले आहेत, त्यांचे पुढे काय होणार? या प्रश्नाला कायद्याचे उत्तर आहे. २०२१ च्या सहाय्यभूत प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार असे भ्रूण दहा वर्षांहून अधिक काळ साठवता येत नाहीत. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावयाचे, अथवा दांपत्याच्या संमतीने संशोधनासाठी द्यावयाचे. संशोधनासाठी दिलेला भ्रूण प्रयोगशाळेत किती दिवस वाढवावा, यालाही बंधन आहे. मूलपेशी संशोधनाविषयीच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ते घातले आहे : चौदा दिवस, किंवा प्रिमिटिव्ह स्ट्रीक दिसू लागेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल ते.

चौदाच का? दहा का नव्हे, वीस का नव्हे? या आकड्याला कायद्याचे बळ मिळाले आणि तो देशोदेशी मान्य झाला, तो कोणा शास्त्रज्ञाच्या किंवा धर्मगुरूच्या शब्दाने नव्हे. त्यामागे तत्त्वज्ञान शिकविणारी, काही वर्षे मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका राहिलेली एक इंग्रज विदुषी होती. मेरी वॉर्नॉक हे त्यांचे नाव. नव्या तंत्रज्ञानासाठी नीतिनियम कोणी व कसे करावेत, या विषयात त्यांच्याएवढे शिकण्याजोगे चरित्र आम्हांस दुसरे आढळले नाही.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १९२४ रोजी विंचेस्टर येथे झाला. सात भावंडांत त्या सर्वांत धाकट्या; वडील त्यांच्या जन्मापूर्वीच निवर्तले होते. ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलमध्ये ग्रीक-लॅटिन वाङ्मय आणि तत्त्वज्ञान यांचे शिक्षण पूर्ण करून १९४९ मध्ये त्या तेथीलच सेंट ह्यूज कॉलेजात अध्यापन करू लागल्या. त्याच वर्षी जेफ्री वॉर्नॉक या तत्त्वज्ञाशी त्यांचा विवाह झाला. पुढे पाच मुलांचा संसार आणि अध्यापन ही दोन्ही कामे त्यांनी एकत्र चालविली.

त्या काळच्या ऑक्सफर्डमध्ये नीतिशास्त्र म्हणजे 'चांगले', 'योग्य' या शब्दांच्या अर्थाची चिकित्सा, असा प्रघात होता. मनुष्याने प्रत्यक्षात काय करावे, हा प्रश्न तत्त्वज्ञाच्या कक्षेबाहेरचा मानला जाई. 'एथिक्स सिन्स १९००' या १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वॉर्नॉक यांनी या कोरडेपणाविषयी स्पष्ट असमाधान नोंदविले. औषधाचे पर्यायशब्द पाठ आहेत, पण ते कोणाला व किती मात्रेत द्यावे हे कोणी बोलत नाही, अशी ती अवस्था होती.

१९६६ मध्ये त्यांनी विद्यापीठातील पद सोडले आणि ऑक्सफर्ड हायस्कूल या मुलींच्या शाळेचे मुख्याध्यापकपद स्वीकारले. तेथे त्या सहा वर्षे होत्या. विद्वानांच्या चरित्रांत अशा वर्षांना एक ओळ मिळते. आमच्या मते मात्र त्यांच्या पुढील कार्याची पूर्वतयारी येथेच झाली. शाळेत निर्णय पुढे ढकलता येत नाही. आणि तो पालक, शिक्षक व विद्यार्थिनी या तिघांना समजेल अशा भाषेत सांगावा लागतो. १९७४ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाविषयीच्या चौकशी समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या समितीच्या १९७८ च्या अहवालावर ब्रिटनचा १९८१ चा शिक्षण कायदा आधारलेला आहे. दरम्यान १९७९ पासून प्राण्यांवरील प्रयोगांविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या समितीचेही अध्यक्षपद त्यांनी सांभाळले.

समितीपुढील प्रश्न

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राउन ही शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेली पहिली बालिका जन्मास आली. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्या दहा वर्षांच्या परिश्रमांचे ते फळ होते. जगाने कौतुक केले आणि त्याबरोबर भयही व्यक्त केले. काचपात्रात उरलेल्या भ्रूणांवर प्रयोग करावेत काय? दात्याच्या बीजापासून झालेल्या अपत्याचा पिता कोण? दुसरीच्या गर्भाशयात वाढलेले मूल कोणाचे? प्रचलित कायद्यात यांची उत्तरे नव्हती. जुलै १९८२ मध्ये ब्रिटिश सरकारने सोळा जणांची समिती नेमली आणि वॉर्नॉक यांना अध्यक्ष केले. समितीत वैद्यक व विज्ञान क्षेत्रांतील मंडळी होती, तशीच विधिज्ञ, धर्मशास्त्री, समाजकार्यकर्ते अशी बाहेरची मंडळीही होती. अध्यक्षांना स्वतःला भ्रूणशास्त्राचे औपचारिक शिक्षण नव्हते. ॲन मॅक्लॅरेन या जीवशास्त्रज्ञ सदस्येने इतरांना गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांचा क्रम समजावून दिला.

भ्रूणाचे 'जीवन' केव्हा सुरू होते, या प्रश्नावर समिती वर्षभर अडकून पडणे सहज शक्य होते. वॉर्नॉक यांनी तो प्रश्न बाजूला ठेवला. त्यांचे म्हणणे असे होते की, बीज आणि फलित पेशी जिवंतच असतात, हे कोणीही नाकारीत नाही. खरा प्रश्न हा की या अवस्थेतील मानवी भ्रूणाशी आपण कसे वागावे. आणि त्याचे उत्तर सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, ते माणसांनी ठरवावे लागते.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. स्वतःच्या दृष्टीने जे उचित, ते कायद्यात तसेच उतरविता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. समाजात मतभेद राहणारच. तेव्हा बहुतेकांना सहन करता येईल आणि अंमलात आणता येईल असा नियम शोधणे हे समितीचे काम, सर्वांना एकमताने पवित्र वाटेल असा नियम शोधणे हे नव्हे. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाचा त्यांच्यावर प्रभाव होता. लोकांच्या मनातील घृणा, भीती, ममता या भावना अज्ञानजन्य म्हणून झटकून टाकू नयेत, कारण नीतीचा उगम त्यांतूनही होतो, असे त्या मानीत. काहीतरी निषिद्ध असल्याशिवाय समाज टिकत नाही; म्हणून कोठेतरी रेषा आखलीच पाहिजे.

ही रेषा कोठे आखावी? गर्भाशयात रोपण पूर्ण होणे, मज्जासंस्थेचा आरंभ होणे, वेदनेची शक्यता निर्माण होणे असे अनेक टप्पे सुचविले गेले. समितीने प्रिमिटिव्ह स्ट्रीकचा टप्पा निवडला. तो साधारण पंधराव्या दिवशी येतो. तोपर्यंत एका भ्रूणाचे दोन होऊन जुळे होऊ शकते. तोपर्यंत कोणत्या पेशींपासून शरीर आणि कोणत्यांपासून अपरा होणार हे पूर्णपणे ठरलेले नसते. म्हणजे 'एक व्यक्ती' असा निर्देश करता येईल असे त्याआधी काही सापडत नाही. अमेरिकेतील एका सरकारी सल्लागार मंडळाने १९७९ मध्येही चौदा दिवसांचा आकडा सुचविला होता, पण तेथे त्याचा कायदा झाला नाही. वॉर्नॉक यांनी आकड्यावर जो भर दिला, त्यात व्यवहारज्ञान होते. अवस्थेविषयी तज्ज्ञ वाद घालू शकतात, दिवस मात्र कोणालाही मोजता येतात. तेराव्या दिवशी प्रयोग चालू असेल तर तो वैध, पंधराव्या दिवशी असेल तर गुन्हा.

जुलै १९८४ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. तो एकमताचा नव्हता. त्यास तीन भिन्नमतपत्रिका जोडलेल्या होत्या : एक परोपकारी मातृत्वाविषयी, म्हणजे आज आपण ज्यास सरोगसी म्हणतो त्याविषयी, आणि दोन भ्रूणसंशोधनाविषयी. भिन्नमत दडपून अहवाल गुळगुळीत करण्याचा मोह अध्यक्षांना झाला नाही, याचे आम्हांस विशेष वाटते.

संभाषाविधीची आठवण

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्य संभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत : संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा. पहिली मैत्रीपूर्ण, ज्ञानवृद्धीसाठी, दुसरी जिंकण्यासाठी. वॉर्नॉक समितीच्या कामकाजाचे वर्णन वाचताना आम्हांस वारंवार पहिल्या प्रकाराचे स्मरण झाले. अर्थात साम्य येथेच थांबते, कारण चरकोक्त संभाषा तद्विद्यांची आहे, एकाच शास्त्राच्या जाणकारांची. आणि वॉर्नॉक समितीचे सामर्थ्य तिच्यात अतद्विद्यही होते, यात होते.

काही मंडळी विचारतील, या प्रश्नाचे उत्तर आपल्या संहितांत नाही काय? शारीरस्थानात गर्भाचा मासानुमासिक क्रम आहे : पहिल्या महिन्यात अव्यक्त विग्रह, दुसऱ्यात घन होऊन पिंड, पेशी किंवा अर्बुद, तिसऱ्यात सर्व इंद्रिये व अंगावयव एकाच वेळी. चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त होऊन स्त्री दौहृदिनी होते, असे सुश्रुताचार्य म्हणतात. हे निरीक्षण थोर आहे. परंतु शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग कुक्षीत झाला म्हणजे त्यास 'गर्भ' ही संज्ञा चरकाचार्य देतात. काचपात्रातील फलित पेशी कुक्षीत नाही. मग तिला गर्भ म्हणावे की म्हणू नये? दोन्ही बाजूंनी टीकाकारांच्या आधारे शास्त्रार्थ करता येईल, पण आचार्यांपुढे हा प्रश्नच नव्हता. त्यांच्या मुखी आजचे उत्तर घालणे ही त्यांची सेवा नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अहवालापासून कायद्यापर्यंत

अहवाल आला आणि लगेच वादळ उठले. फेब्रुवारी १९८५ मध्ये इनॉक पॉवेल यांनी भ्रूणसंशोधनावर संपूर्ण बंदी घालणारे विधेयक मांडले. दुसऱ्या वाचनात त्यास २३८ विरुद्ध ६६ असे मताधिक्य मिळाले. केवळ संसदेचा वेळ पुरला नाही म्हणून ते पडले. त्याच वर्षी वैद्यकीय संशोधन परिषद आणि स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांचे रॉयल कॉलेज यांनी कायद्याची वाट न पाहता ऐच्छिक परवाना मंडळ स्थापन केले. वॉर्नॉक यांना १९८५ मध्ये लॉर्ड्स सभागृहाचे आजीव सदस्यत्व मिळाले. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजच्या त्या १९९१ पर्यंत प्रमुख होत्या. त्या कामाबरोबरच सभागृहात हा विषय त्या मांडीत राहिल्या. मॅक्लॅरेन आणि त्यांचे सहकारी खासदारांना पहिल्या पंधरवड्यातील भ्रूण म्हणजे काय हे पाच वर्षे समजावून देत होते. एप्रिल १९९० मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये ३६४ विरुद्ध १९३ मतांनी संशोधनास परवानगी देणारे कलम संमत झाले. पाच वर्षांत मत उलटले. १९९० च्या कायद्याने चौदा दिवसांची मर्यादा घातली, तिचे उल्लंघन केल्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली आणि परवाने देण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले. ते १९९१ पासून काम करीत आहे. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी कोलकात्यात

लुईस ब्राउनच्या जन्मानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिली अशी बालिका जन्मली. त्यांनी भ्रूण गोठवून ठेवून नंतर रोपण केला होता. पश्चिम बंगाल सरकारने समिती नेमली. तिच्यापुढे प्रश्न होता तो एवढाच : हा मनुष्य खरे बोलतो की खोटे? अध्यक्षस्थानी रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. दावा अमान्य झाला, पुढे डॉक्टरांची बदली नेत्ररोग संस्थेत करण्यात आली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. 'एक डॉक्टर की मौत' हा तपन सिन्हा यांचा चित्रपट याच घटनेवरून सुचलेल्या कथेवर आधारलेला आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कार्यातून बालिका जन्मास आली. पुढे मुखर्जी यांची हस्तलिखित टिपणे अभ्यासून १९९७ मध्ये, अग्रक्रमाचा मान त्यांचाच, असे जाहीर करणारे स्वतः आनंद कुमारच होते. स्वतःकडील मान दुसऱ्यास, तोही दिवंगतास, अशा प्रकारे देणारा संशोधक विरळा.

या दोन समित्यांची तुलना आम्ही पुष्कळदा केली आहे. दोन्हींचे अध्यक्ष त्या विषयाचे तज्ज्ञ नव्हते. मग एक यशस्वी का झाली आणि दुसरी अनर्थास कारण का झाली? प्रयोग खरा की खोटा हा शास्त्रीय प्रश्न आहे. तो त्या शास्त्राच्या जाणकारांनीच तपासावयास हवा होता. प्रयोग करू द्यावा की नाही, हा सर्वांचा प्रश्न. तेथे जाणकार नसलेल्यांचीही उपस्थिती आवश्यक. कोलकात्यात पहिला प्रश्न अजाणत्यांकडे गेला आणि दुसरा कोणी विचारलाच नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या जन्मापासून कायद्यापर्यंत बारा वर्षे लागली. आपल्याकडे १९८६ पासून मोजले तरी २००५ पर्यंत मार्गदर्शक तत्त्वे नव्हती आणि कायदा २०२१ मध्ये झाला. मधल्या काळात देशात सरोगसीचा केवढा व्यापार झाला, हे सर्वश्रुत आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, गर्भलिंगनिदानाच्या बाबतीत महाराष्ट्र मागे राहिला नाही. १९८८ मध्ये येथे देशातील पहिला कायदा झाला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये त्यामागून आला. अंमलबजावणीची कथा निराळी.

आपल्या नीतिसमित्या

आता आपल्या अंगणात येऊ. पदव्युत्तर प्रबंधासाठी रुग्णांवर औषधाचे परीक्षण करावयाचे तर संस्थात्मक नीतिसमितीची मान्यता लागते. आयुष विभागाने २०१३ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या चिकित्सालयीन परीक्षणांसाठी मार्गदर्शिका दिली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांनुसार समितीत सात ते पंधरा सदस्य, त्यांतील किमान निम्मे संस्थेबाहेरचे आणि अध्यक्षही बाहेरचा असावा लागतो. विधिज्ञ आणि सामान्य नागरिक यांनाही स्थान आहे. कागदावर हीच वॉर्नॉक यांची रचना आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काय चालते? बैठक वर्षातून दोनदा, तीस-चाळीस प्रबंधांचे आराखडे दोन तासांत संमत. चहा येतो, स्वाक्षऱ्या होतात. सामान्य नागरिक म्हणून बोलावलेले गृहस्थ एकही शब्द न बोलता घरी जातात, कारण 'औषध आयुर्वेदिक आहे, त्यात अपाय कसला' हे वाक्य आधीच उच्चारलेले असते.

हे वाक्य आम्हांस सर्वाधिक खटकते. रसकल्प देणार असू, तर यकृत व वृक्क यांच्या तपासण्या किती वेळा आणि कोणाच्या खर्चाने? रुग्ण चालू असलेले मधुमेहाचे औषध थांबविणार काय? तुलनेसाठी ठेवलेल्या गटास काय मिळणार? मध्येच बाहेर पडावेसे वाटले तर पुढील उपचारांवर परिणाम होणार नाही, हे त्यास मराठीत, समजेल असे सांगितले आहे काय? हे प्रश्न विचारण्यास भ्रूणशास्त्र किंवा द्रव्यगुण यांतील पदवी लागत नाही. ते विचारणारा सदस्य बैठकीचा वेळ खातो, असे समजण्याची रीत मात्र बदलावी लागेल. आपल्या संघटनेच्या ज्या सदस्यांस अशा समित्यांवर जाण्याची संधी मिळते, त्यांनी भिन्नमत लेखी नोंदविण्याचा आग्रह धरावा. सोळांपैकी काहींचे भिन्नमत छापूनही वॉर्नॉक यांच्या अहवालाचा कायदा झाला, हे उदाहरण डोळ्यांपुढे आहे.

मत बदलण्याचे धैर्य

वॉर्नॉक यांची सर्वच मते आम्हांस मान्य आहेत, असे नाही. २००८ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांविषयी, ते कुटुंबाचे आयुष्य व आरोग्यसेवेची साधने वाया घालवितात अशा आशयाचे विधान त्यांनी केले आणि त्यावर मोठा क्षोभ झाला. जराचिकित्सेस अष्टांगांत स्थान देणाऱ्या परंपरेतील आम्हांस ते पटणे शक्य नाही. ओझे होण्याच्या भयाने वृद्ध माणूस स्वतःच्या मृत्यूस संमती देऊ लागला, तर ती संमती कितपत स्वतंत्र, हा प्रश्न त्यांच्यासारख्या विदुषीने अधिक सावधपणे हाताळावयास हवा होता.

परंतु मत बदलण्याचे त्यांचे धैर्य आदरणीय आहे. विशेष शिक्षणाविषयीच्या स्वतःच्याच अहवालातून रुजलेल्या धोरणावर, सर्व मुलांना सामान्य शाळेतच सामावून घेण्याच्या हट्टावर, २००५ मध्ये त्यांनी पुस्तिका लिहून टीका केली. त्यांच्या समितीने बीजदात्याचे नाव गुप्त ठेवण्याची शिफारस केली होती. ब्रिटनने २००५ पासून ती सोडून दिली आणि प्रौढ झालेल्या अपत्यास दात्याची ओळख जाणण्याचा हक्क दिला. रेषा बदलता येते. पण ती कोणी, किती उघडपणे आणि कोणाला विचारून बदलावी, हा त्यांचा सततचा प्रश्न राहिला.

२०१६ मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्क येथील दोन प्रयोगशाळांनी मानवी भ्रूण बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत वाढविले. तोपर्यंत चौदा दिवसांची मर्यादा गाठणेच तंत्रदृष्ट्या अशक्य होते; नियम कठोर होता, पण कोणास टोचत नव्हता. आता टोचू लागला. मर्यादा वाढवावी अशी मागणी झाली, तेव्हा नव्वदी पार केलेल्या वॉर्नॉक यांनी विरोध केला. संशोधनाचा लाभ त्यांना अमान्य नव्हता. समाजाने विश्वास ठेवला तो या अडसरावर. तो घाईने हलविला तर संशोधनाचे विरोधक संपूर्ण कायदाच पुन्हा वादात ओढतील, अशी त्यांना भीती होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमध्ये जनुके संपादित केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे उघड झाले. ते करणाऱ्या संशोधकास पुढील वर्षी तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. २० मार्च २०१९ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, वॉर्नॉक यांचे निधन झाले.

मे २०२१ मध्ये मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने चौदा दिवसांपलीकडील संशोधन सरसकट निषिद्ध यादीतून काढले आणि प्रत्येक प्रस्ताव स्वतंत्रपणे तपासावा असे सुचविले. ब्रिटनमध्ये ही मर्यादा २८ दिवसांपर्यंत नेण्याची सूचना चर्चेत आली आहे; तसे करावयाचे तर संसदेला कायदा बदलावा लागेल. भारतात २०१७ च्या तत्त्वांतील शब्द चौदा दिवसांचेच आहेत. दरम्यान २०२३ पासून प्रयोगशाळांनी आणखी एक प्रकार पुढे आणला आहे : केवळ मूलपेशींपासून रचलेली, दुसऱ्या आठवड्यातील भ्रूणासारखी दिसणारी प्रतिकृती. तिला फलनाचा दिवसच नाही, त्यामुळे चौदा दिवस कोठून मोजावयाचे हे ठरत नाही. तिच्यात शुक्र नाही, शोणित नाही आणि ती कुक्षीतही नाही. आपल्या शारीरशास्त्राच्या अध्यापकांनी तिला कोणती संज्ञा द्यावी, यावर पुढील अंकासाठी लेखन पाठवावे.